कोरी बाजू

यशोदाला नावानं हाक मारणारं घरात कुणीच नव्हतं, ही गोष्ट चंद्रकांताच्या ध्यानात फार उशिरा आली. नाव सासूचं. सासू गेली त्याच्या पुढच्याच वर्षी मुलगी झाली आणि नवऱ्यानं, हिरामणनं, हौसेनं आईचं नाव लेकीला ठेवलं. पण सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? ती मुलीला ‘बाय’ म्हणायची. सासरे आत्माराम यांनी उभ्या संसारात बायकोला नावानं हाक मारली नव्हती, आणि आता तर अर्धांगवायूनं त्यांचं उजवं अंग आणि वाचा दोन्ही नेली होती. शेजारची इझाबेल, वाडीवर येणाऱ्या बाया, सगळ्यांच्या तोंडी ‘बाय’च बसलं. राहिला हिरामण. तो मुलगी अकरा महिन्यांची असताना, एकोणऐंशी सालच्या फेब्रुवारीत, वायरमनच्या नोकरीवर मस्कतला निघून गेला.

होळी गावातली त्यांची वाडी फार मोठी नव्हती, पण तिला दिवसभर माणूस लागायचं. केळीच्या रांगा, त्यांच्या आडोशानं चढवलेल्या पानवेली, कुंपणाकडेला मोगरा आणि मधोमध काळंभोर पाणी धरून बसलेलं बावखल. सकाळी कळ्या, मग पानं खुडायची, ती भिजवून चवडी लावायच्या, केळीच्या पानांत टोपल्या बांधायच्या, दुपारी शिंपण. हिरामण होता तेव्हा दोघांत भागायचं. तो गेल्यावर चंद्रकांता मुलीला वाडीत नेऊन पाहू लागली. पण एकदा पोर बावखलाच्या काठाशी पालथी पडून पाण्यात कोपरापर्यंत हात घालताना दिसली, आणि त्या दिवसापासून ती मुलीच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून तिचं दुसरं टोक सासऱ्यांच्या खाटेला अडकवून जाऊ लागली. परत येई तेव्हा पोर रडून रडून घोगरी झालेली असे आणि खाटेवर आत्माराम उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे पाहत पडलेले असत.

नाताळच्या आठ दिवस आधी इझाबेलचा नवरा ॲन्सेल्म सुटीवर आला. मस्कतला तो हिरामणच्याच खोलीत राहायचा. रविवारी मिसा आटोपून नवराबायको दोघं आली आणि ॲन्सेल्मनं जाड टॉवेलात गुंडाळलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर ओटीवर ठेवला. सोबत एकच कॅसेट. वेष्टनावर हिरामणच्या अक्षरात ‘यशोदासाठी’ एवढंच.

“बोललाय त्यात. एक अख्खी बाजू,” ॲन्सेल्म म्हणाला. “खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढून बोलला. आणि तुला काहीतरी सांग म्हणाला होता, चंद्रा, पण विमानाच्या गडबडीत गेलं बघ डोक्यातनं.”

त्यानं कळ दाबली. आधी नुसती खरखर, मग एक खोकला, आणि मग माजघरातून बोलावा तसा स्वच्छ, कोवळा, थोडा लाजलेला हिरामणचा आवाज. “यशोदा,” तो म्हणाला, “काय करतेस गो?” आणि थांबला. लांबलचक थांबला. समोर कुणी असल्यासारखी त्यानं उत्तराला जागा सोडली होती. मग म्हणाला, “अस्सं. जेवलीस का?” पुन्हा थांबला. “शाब्बास.”

“अगे, हा तर वाट बघतोय!” इझाबेल हसली. चंद्रकांताही हसली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. म्हणून मुलीकडे आधी लक्ष गेलं ते ॲन्सेल्मचं. नारळाच्या करवंट्यांशी खेळणारी पोर खेळ टाकून उठली होती. ती भिंत धरत धरत यंत्रापाशी आली, त्याच्या जाळीवर तिनं गाल टेकला आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून लुगड्याची पट्टी सुटली. माजघरात, स्वयंपाकघराच्या कुडाच्या भिंतीला एक कोनाडा होता; त्यात चंद्रकांतानं यंत्र बसवलं, सासऱ्यांची खाट त्याच्या शेजारी ओढली आणि एक बाजू संपली की कॅसेट कशी उलटायची, कुठली कळ दाबायची ते त्यांच्या धडधाकट डाव्या हाताला शिकवलं. म्हाताऱ्याला काहीतरी काम मिळालं. पोर समोर मांडी घालून बसे ती हलत नसे. वाडीतून दुपारी परतताना चंद्रकांताच्या कानावर रडण्याऐवजी नवऱ्याचा आवाज येई, तिचा जीव निवे आणि ती दारातूनच वळून आणखी दोन वाफे शिंपून घेई. सबंध कॅसेट तिनं बसून कधी ऐकलीच नाही. तेवढी सवड कुणाला होती?

मुलगी बोलायला लागली ती त्या आवाजाशी. एका दुपारी चंद्रकांता पाण्याची कळशी घेऊन मागच्या दारानं आत आली, तेव्हा कुडापलीकडून “जेवलीस का?” ऐकू आलं, आणि त्यामागोमाग बारीकसा, अगदी स्पष्ट “हो.” ती कळशी टाकून धावली. मुलीला उचलून घेऊन तिनं दहादा विचारलं, “जेवलीस का, बाय? सांग ना गो, जेवलीस का?” मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, म्हणजे तोंडाकडे नव्हे, जरा खाली, गळ्याच्या खळगीकडे, हा आवाज येतो कुठून ते शोधत असल्यासारखी. आणि काही बोलली नाही. चंद्रकांताला वाईट वाटलं, पण रागवायचं कुणावर? बाप लांब आहे, पोर बापाला ओळखते आहे. असं कुणाच्या नशिबी असतं, असं तिनं स्वतःला समजावलं. त्यापुढे महिन्यामहिन्यानं मुलीचे शब्द वाढत गेले, वाक्यं झाली, वाक्यांना हेल आले, ते थेट हिरामणचे. हे सगळं चंद्रकांतानं ऐकलं, पण भिंतीच्या अलीकडून.

पहिली खोट तिला जाणवली ती पाऊस ओसरल्यावरच्या एका दुपारी. ती चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होती. पलीकडून आवाज आला, “जेवलीस का?” आणि मुलगी सांगू लागली, की जेवले, भात जेवले, वालाची आमटी होती, आईनं मीठ जास्त घातलं, आजोबांच्या हनुवटीवरून आमटी गळली, मग माशी आली, मग माशी गेली. बरंच बोलली. ती बोलणं संपवून गप्प झाली, आणि तेव्हा आवाज म्हणाला, “शाब्बास.”

चंद्रकांताचा हात सुपात तसाच राहिला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऐकलं होतं. तो थांबायचा तो असा चार श्वास. आताचे किती झाले? दुसऱ्या दिवशी मुलगी झोपलेली असताना तिनं कॅसेट पहिल्यापासून लावली. जेवलीस का. एक, दोन, तीन, चार. शाब्बास. चारच. मग सेल उतरले असतील, चाक हळू फिरत असेल, असं म्हणून तिनं बाजारातून नवे सेल आणून घातले. त्या दुपारी मुलगी आपल्या नव्या परकराबद्दल बोलत होती. चंद्रकांता भिंतीआड उभी राहून मोजत होती. एकवीस श्वासांनंतर आवाज म्हणाला, “मग? आवडला का?”

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. सांगितलं असतं तर लोक यंत्र बंद कर म्हणाले असते, आणि यंत्र बंद करून मग वाडी कुणी बघायची?

एक्याऐंशीच्या जूनमध्ये मुलगी बालवाडीत जाऊ लागली. महिनाभरातच तिथल्या सुभद्राबाईंनी चंद्रकांताला बोलावून घेतलं. बाई साध्या, मुलांवर जीव टाकणाऱ्या. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “चंद्रकांता, घरात कुणी हिला मारतं का गं?”

“नाही हो बाई. हातसुद्धा लावत नाही.”

“मग हे काय करते ते तरी सांग.” बाईंनी यशोदाला जवळ बोलावलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. मुलगी शांत उभी होती. थोड्या वेळानं तिनं उजव्या हाताचा अंगठा बाईंच्या छातीवर, बरोबर मधोमध टेकवला आणि जोर देऊन दाबला. बाई दचकून थांबल्या. त्या थांबल्या तशी मुलीनं मान डोलावली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

“सगळ्या पोरांना असंच दाबते,” बाई म्हणाल्या. “पोरं थांबत नाहीत, तर मग आणखी जोरानं. परवा एकाच्या छातीवर वळ उठला. बोलायला येतं तिला, मला ठाऊक आहे. मी एकदा तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून प्रश्न विचारला, तेव्हा इतकं शुद्ध उत्तर दिलं! पण तोंडासमोर आलं की नाही. चंद्रकांता, ही घरी बोलते कुणाशी?”

“वडलांशी,” चंद्रकांता म्हणून गेली.

“ते कधी आले?”

चंद्रकांतानं मुलीचा हात धरला आणि ती निघाली. घरी येऊन तिनं इझाबेलच्या थोरल्या मुलाकडून मस्कतला पत्र लिहून घेतलं. त्यात श्वासांचं काही नव्हतं, अंगठ्याचंही नव्हतं. एवढंच होतं, की मुलगी माणसांत मिसळत नाही, तुम्ही असाल तसे या.

हिरामण एप्रिलात आला. वाळवंटातल्या धुळीनं त्याचा घसा कायमचा बसला होता आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे हटले होते. ओट्यावर बॅगा टाकून त्यानं गुडघे टेकले आणि हात पसरून हाक मारली, “यशोदा!”

आपल्या नावाची हाक समोरच्या माणसाच्या तोंडून मुलीनं जन्मात पहिल्यांदाच ऐकली असेल. ती जवळ आली. हिरामण बोलतच सुटला. “काय करतेस गो? ओळखलंस का मला? किती मोठी झाली बघ, अगदी माझ्या आईचं तोंड, हिला सांगितलं होतं का कुणी की—” मुलीनं त्याच्या छातीवर अंगठा ठेवून दाबला. तो हसला आणि बोलत राहिला. तिनं दोन्ही अंगठे लावले. मग, ह्या वस्तूत काही अर्थ नाही असं कळल्यासारखे हात काढून घेतले, ती माजघरात गेली आणि तिनं आजोबांच्या गुडघ्याला हात लावला. आत्मारामांच्या डाव्या हातानं कळ दाबली.

हिरामण ओट्यावर तसाच गुडघ्यांवर राहिला. आत त्याचाच आवाज विचारत होता, की बाहेर कोण आलंय.

“चंद्रा,” तो म्हणाला, “हे मी बोललेलो नाही.”

“विसरला असाल.”

“विसरेन कसा? पाच दिवस कागदावर लिहून काढलं आणि मग बोललो. पाठ आहे मला.” तो उठला, आत गेला, यंत्र बंद करून कॅसेट बाहेर काढली आणि उजेडात धरून पाहिली. मग तिच्याकडे वळला. “ही बाजू मी कोरी पाठवली होती. ॲन्सेल्मला सांगितलं होतं मी, चंद्राला सांग, दुसऱ्या बाजूवर तुम्ही सगळी बोला, यशोदाचं रडणं भरा, आजोबांचा खोकला भरा, काहीही भरा, आणि कुणाबरोबर तरी परत धाडा. मी सहा महिने वाट पाहिली. मग म्हटलं, नसेल सवड.”

चंद्रकांतानं कॅसेट त्याच्या हातातून घेतली. त्यांनी ती बाजू लावली आणि दोघं कोनाड्यासमोर जमिनीवर बसली. मुलगी अंगणात होती. अर्धा तास नुसती खरखर चालू राहिली. पट्टी संपून कळ खाडकन वर आली, तरी दोघं उठली नाहीत.

दुसऱ्या दिवशी हिरामण वडलांकडे रोखून पाहताना तिला दिसला, आणि त्याच्या मनात काय आलं ते तिला लगेच कळलं, कारण तेच तिच्याही मनात येऊन गेलं होतं. गावात जुनी माणसं सांगत, हिरामणचा आवाज म्हणजे आत्मारामचा आवाज. भजनाला दोघं बसले तर कुठलं कडवं कुणाचं ते बाहेरच्याला ओळखू येत नसे. वाचा गेली असं डॉक्टर म्हणाले होते. पण गेलेली वाचा एखाद्या दुपारी, नातीपुरती, परत येत नसेल कशावरून? त्या विचारानं चंद्रकांताला भीती वाटायच्या ऐवजी केवढं हायसं वाटलं. हिरामणनं टांगा बोलावला, वडलांना धरून त्यात बसवलं आणि तपासून आणतो म्हणून वसईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. जाताना त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं मान हलवली.

अकराच्या सुमाराला घर निवांत झालं. चंद्रकांता चुलीकडे आली आणि चुलीत लाकूड न घालताच कुडाला टेकून बसली. पलीकडे खाट रिकामी होती. मुलीनं स्वतः कळ दाबल्याचा आवाज आला.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तो माणूस कधी जाणार?”

खरखर. मग तो कोवळा, जरासा लाजलेला आवाज. घसा न बसलेला.

“जाणार नाही.”

“त्याला बोलताच येत नाही. थांबतच नाही तो.”

“तू लहान होतीस तेव्हा तुला तरी कुठं येत होतं?” आवाज म्हणाला. “शिकेल हळूहळू.”

चंद्रकांता उठली कधी आणि माजघरात गेली कधी ते तिला आठवत नाही. कॅसेटची दोन्ही चाकं फिरत होती आणि यंत्रातून नुसती खरखर येत होती. मुलीनं वळून पाहिलं. आईनं तोंड उघडण्याआधीच तिनं उठून तिच्या छातीवर अंगठा टेकवला.

टांगा परत आला. डॉक्टर म्हणाले होते, की म्हाताऱ्याच्या जिभेत जीव उरलेला नाही, आता ह्या जन्मी येणार नाही. हिरामणनं विचारलं, “मग?” चंद्रकांता म्हणाली, “मामंजी नव्हते घरात,” आणि त्यापुढचं काही तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढं काही वेगळं झालं असतं का, हा विचार तिनं नंतर फार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामणनं अंगणात केळीचा सुका पाचोळा पेटवला, कॅसेटमधली पट्टी बोटांवर ओढून ओढून बाहेर काढली आणि त्यात टाकली. काळा धूर निघाला. यंत्र त्यानं ॲन्सेल्मच्या घरी नेऊन दिलं. मुलगी उंबऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. रडली नाही. आगीत काही उरलं नाही तेव्हा ती आत गेली आणि रिकाम्या कोनाड्यासमोर मांडी घालून बसली.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चमच्यानं दूध घातलं तर ते ओठांच्या कोपऱ्यातून खाली यायचं. डॉक्टर म्हणाले, मुलं हट्टी असतात, यंत्राची सवय सुटायला वेळ लागतोच, चार माणसांत ठेवा, बोला तिच्याशी. मग सगळी बोलली. इझाबेलची पोरं येऊन ओरडून गेली. सुभद्राबाईंनी गाणी म्हटली. चंद्रकांतानं मुलीला मांडीवर घेऊन बोलायचं ते सगळं बोलून पाहिलं, गेल्या तीन वर्षांचं, कमरेला बांधलेल्या पट्टीचंसुद्धा. आणि मुलीनं अंगठा उचलायचंही आता सोडलं होतं. पाचव्या दिवशी तिला बसवलं तर मान एका बाजूला कलली.

तेव्हा हिरामण मुकाट्यानं स्वयंपाकघरात आला. त्यानं आल्याचा तुकडा चावून घसा साफ केला, कोनाड्यामागच्या कुडाशी पाट मांडला, त्यावर बसला आणि भिंतीला तोंड लावून, जमेल तितक्या कोवळ्या आवाजात म्हणाला, “यशोदा, काय करतेस गो?”

आणि थांबला. चंद्रकांता चुलीशी उभी होती. चार झाले. दहा झाले. वीस झाले.

“बसले,” पलीकडून आलं.

हिरामणच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण त्यानं हुंदका बाहेर येऊ दिला नाही. “जेवतेस का?” पुन्हा तो थांबला. “जेवते.” चंद्रकांता पेजेची वाटी घेऊन धावली. मुलीनं डोळे मिटून, घोटाघोटानं, सगळी पेज संपवली.

त्यानंतर घराचा रोजचा क्रम तसा लागला. हिरामण सकाळी पाटावर बसे. मुलगी पलीकडे बसे. त्याचं काही चुकलं की ती म्हणे, “असं नाही,” आणि तो तेच वाक्य पुन्हा म्हणे. “परत.” तो परत म्हणे. पहिल्या आठवड्यात तो दमून घामाघूम होई आणि जेवताना चंद्रकांताला कौतुकानं सांगे, की आज फक्त सातदा चुकलो. दुसऱ्या आठवड्यात त्याचा घसा सुटला. आल्याचा गुण, ती म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात तो जेवताना काही सांगेनासा झाला. ती काही विचारी, तो ऐकून घेई, तिचं बोलणं पुरतं होईस्तोवर थांबे, आणि मग थांबलेलाच राही. मुलगी अंगणात गेलेली असली तरी तो पाटावरून उठत नसे. वाडीतली पानं पुन्हा चंद्रकांताच खुडू लागली.

मे महिन्याच्या शेवटी ॲन्सेल्म आला. तोही पुन्हा सुटीवर होता आणि दोघांनी एकाच दिवशी निघायचं ठरलं होतं. “हिरामण, अरे तारीख उद्यावर आली. कंपनी थांबणार आहे का आपल्यासाठी?” तो पाटासमोर उकिडवा बसून बराच वेळ बोलला. हिरामण त्याच्याकडे पाहत होता. चेहरा शांत होता, कान देऊन ऐकत असावा असा. ॲन्सेल्म बोलायचा थांबला तरी तो पाहत राहिला. “चंद्रा, ह्याला झालंय काय?”

माजघरातून यशोदा आली. तिनं ॲन्सेल्मकडे नीट, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मग बापाच्या छातीवर अलगद अंगठा ठेवला.

“बस, ॲन्सेल्म,” हिरामण म्हणाला. “जेवलास का?”

तीन वर्षांपूर्वीचा, स्वच्छ, कोवळा, जरासा लाजलेला आवाज होता. ॲन्सेल्म उठला तो चहासुद्धा न घेता गेला, आणि त्यानंतर इझाबेलची पोरं अंगणात खेळायला आली नाहीत.

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली. सुभद्राबाई रस्त्यात थांबून म्हणाल्या, “चंद्रकांता, काय जादू केलीस? पोर किती सुधारली! डोळ्यांकडे बघून बोलते, मुलांना खेळवते, कुणाला हात लावत नाही. बाप घरी आला की फरक पडतोच.” चंद्रकांता ‘हो’ म्हणाली. घरी येताना तिला वाटलं, बाई म्हणतात तेच खरं असेल. मुलगी हसते, जेवते, वाढते आहे. आणखी काय हवं असतं माणसाला? एकच गोष्ट राहिली होती आणि तिचा उल्लेख तिनं कुणाजवळ केला नव्हता: एवढं सगळं बोलणारी ही मुलगी तिच्याशी अजून एक अक्षर बोललेली नव्हती.

त्या दुपारी ती वाडीतून परतली तेव्हा यशोदा दारात उभी होती. तिनं पुढं होऊन चंद्रकांताचा चिखलानं भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“आई,” ती म्हणाली.

चंद्रकांताच्या डोक्यावरची पानांची टोपली कलली आणि पानं उंबऱ्यावर सांडली. तिनं ती वेचली नाही.

“आई, त्यांना आता सगळं येतं,” यशोदा समजूतदारपणे म्हणाली. “ये.”

तिनं आईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. कुडाशी हिरामण बसला होता. त्याच्या शेजारी दुसरा पाट मांडलेला होता, ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून. हिरामणनं वर पाहिलं नाही. फक्त थोडा सरकला, आणि त्यानं जागा करून दिली. पलीकडच्या खाटेवरून आत्मारामांच्या घशातून कसलासा आवाज आला आणि थांबला.

चंद्रकांतानं मागं वळून दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. बाहेर केळींवर ऊन होतं.

“पुन्हा एकदा म्हण गो,” ती म्हणाली.

“आई,” यशोदा म्हणाली.

चंद्रकांता पाटावर बसली.